पडलेली झाडं जातात कुठे?

भीमाशंकरच्या जंगलात दर पावसाळ्यात झाडं पडतात. माती भिजून सैल झालेली असते, वारा सुटतो आणि जांभळाचं एखादं जुनं झाड मुळांसकट आडवं होतं. हे काही आजचं नाही. ते जंगल हजारो वर्षांचं आहे आणि हजारो वर्षं त्यात झाडं पडतच आली आहेत. मग मला सांगा, ती सगळी गेली कुठे? ओंडक्यांवर ओंडके साठत गेले असते, तर आज तिथे पाय ठेवायला जागा नसती. नव्या रोपाला रुजायला माती सापडली नसती आणि शेकरूला उड्या मारायला फांदी मिळाली नसती.

खोल जंगलातून ओंडके उचलून न्यायला कोणी येत नाही. तरीही पडलेल्या झाडाकडे काही वर्षांनी पुन्हा गेलात, तर ओंडका खचलेला दिसतो. बोटाने दाबला तर बोट आत जातं. आणखी काही वर्षांनी तिथे ओंडका नसतोच, काळी भुसभुशीत माती असते आणि तिच्यात कोवळी रोपं वर आलेली असतात.

याचा अर्थ कोणीतरी ते झाड खाल्लं. आख्खं! बुंध्यासकट!

खाणारे बरेच आहेत. वाळवी आहे, भुंग्यांच्या अळ्या आहेत, जीवाणू आहेत. पण या सगळ्यांत मोठा खादाड म्हणजे बुरशी. हो, तीच. शिळ्या पावावर येते, पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर येते, तिचीच ही रानातली भावंडं. पावसाळ्यात ओंडक्यांवर पांढऱ्या छत्र्या, तपकिरी फळ्या, केशरी ठिपके, कानाच्या पाळीसारखे लिबलिबीत तुकडे दिसतात ना? त्यांना कोणी कुत्र्याच्या छत्र्या म्हणतं, कोणी भूछत्रं, कोणी अळंबी. ती सगळी याच कुळातली. शाळेच्या पुस्तकात या कुळाला ‘कवक’ म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, लाकूड खाण्यात एवढं काय मोठं? मोठं आहे! लाकूड हा जगातल्या सगळ्यात अवघड जेवणांपैकी एक आहे. तुमच्या वर्गात कोणी पेन्सिल चावत असेल तर त्याला विचारा. पेन्सिलीचे तुकडे पोटात गेले तरी त्यातून त्याला कणभरही ताकद मिळत नाही. ते जसेच्या तसे बाहेर पडतात.

घराचा स्लॅब भरताना कधी बघितलं आहे का? आधी लोखंडी सळ्यांची जाळी बांधतात, मग तिच्यावर सिमेंटचं मिश्रण ओततात. लाकडाची बांधणीही अशीच असते. त्यात सळ्यांचं काम करतात सेल्युलोजचे लांबलचक धागे आणि सिमेंटचं काम करतं लिग्निन. गंमत म्हणजे सेल्युलोज साखरेच्या कणांपासूनच बनलेलं असतं. एकामागे एक हजारो ग्लुकोज जोडले की सेल्युलोजचा एक धागा होतो. म्हणजे ओंडका म्हणजे साखरेचा केवढा मोठा साठा! पण या साठ्याभोवती लिग्निनचं कुलूप आहे. लिग्निनची रचना इतकी वेडीवाकडी, इतकी गुंतागुंतीची असते की ते कुठे आणि कसं तोडायचं हे बहुतेक जीवांना समजतच नाही. लिग्निनमुळेच झाड ताठ उभं राहतं, शंभर फुटांवर पाणी चढवतं आणि वाऱ्यापावसात टिकतं. झाड मेल्यावरही ते कुलूप तसंच राहतं.

वाळवीचंच बघा ना. आपल्याकडे मोठाली वारुळं बांधणारी वाळवी लाकूड कुरतडून आत नेते खरी, पण ते तिला नीट पचवता येत नाही. म्हणून ती वारुळाच्या पोटात चक्क बुरशीची शेती करते! कुरतडलेल्या लाकडाचा आणि पाल्याचा लगदा रचून त्यावर एक खास बुरशी वाढवते. बुरशी तो लगदा मऊ करते आणि मग वाळवी जेवते. कोकणात आणि गोव्यात पावसाच्या सुरुवातीला वारुळांवर जी अळंबी उगवते आणि जिच्यासाठी बाजारात झुंबड उडते, ती या शेतातच वाढलेली असते. विदर्भात तिला सात्या म्हणतात. लाकूड फोडणारी वाळवीसुद्धा शेवटी बुरशीचीच मदत मागते, यावरून बुरशी किती तरबेज असेल ते ओळखा.

मग बुरशी खाते कशी? तिला तोंड नाही, दात नाहीत, पोट नाही. ओंडक्यावर दिसणारी ती छत्री किंवा फळी तर काहीच खात नाही. तिचं काम वेगळंच आहे, त्याकडे नंतर येऊ. खाणारी बुरशी लाकडाच्या आत असते. तिचं शरीर म्हणजे आपल्या केसाहूनही कितीतरी बारीक, पांढुरके तंतू. असे हजारो तंतू लाकडात सगळीकडे पसरतात, फाटे फोडतात, एकमेकांना मिळतात आणि त्यांचं कवकजाल तयार होतं. कुजक्या लाकडाची साल हळूच उचकटली तर कधीकधी हे जाळं पंख्यासारखं पसरलेलं दिसतं.

या तंतूंची जेवायची पद्धत आपल्या नेमकी उलटी आहे. आपण आधी खातो आणि मग पोटात पचवतो. बुरशी आधी पचवते आणि मग खाते! तंतूंच्या टोकांतून विकरं बाहेर पाझरतात. विकरं म्हणजे मोठे रेणू तोडणारी रसायनं; आपल्या लाळेत आणि पोटातही ती असतात. ही विकरं तंतूच्या बाहेर, लाकडातच, आपलं काम करतात. सेल्युलोजची साखर सुटी होते, पाण्यात विरघळते आणि तंतू ती शोषून घेतात. जेवणाच्या आतच राहायचं आणि राहतं घर खात खात पुढे सरकायचं, असं हे जगणं आहे.

हे जाळं किती मोठं होऊ शकतं, सांगू? अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात माल्हूर नावाचं राष्ट्रीय वन आहे. तिथे जमिनीखाली झाडांच्या मुळांमधून आर्मिलारिया नावाच्या बुरशीचं एक जाळं पसरलं आहे. शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणचे नमुने तपासले, तेव्हा ते सगळे एकाच जिवाचे निघाले. त्याचा पसारा ९६५ हेक्टर आहे आणि वय दोन हजार वर्षांहून जास्त असावं असा अंदाज आहे. म्हणजे अजिंठ्याची पहिली लेणी खोदली जात होती, तेव्हा बहुधा हा जीव तिकडे वाढत होता. एकच जीव! आणि वरून बघणाऱ्याला पावसाळी हवेत उगवणाऱ्या थोड्या छत्र्यांशिवाय काही दिसत नाही.

पुढच्या वेळी रानात कुजका ओंडका दिसला तर त्याचा रंग नीट बघा, कारण कुजण्याचेही प्रकार असतात. लाकूड फिकट, पांढुरकं आणि धाग्याधाग्याचं झालं असेल तर ती पांढरी कूज. इथल्या बुरशीने लिग्निनचं कुलूप फोडलेलं असतं. लाकूड गडद तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत तडकलं असेल आणि बोटांत चुरडलं जात असेल तर ती तपकिरी कूज. ही बुरशी लिग्निनच्या फारशी वाटेला जात नाही. ती लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यापासून अतिशय मारकुटे रेणू बनवते. ते आत शिरून सेल्युलोजचे धागे तोडतात, बुरशी साखर पळवते आणि लिग्निन बरंचसं मागे ठेवून देते. तपकिरी कूज हिमालयातल्या देवदार-चीडसारख्या झाडांवर जास्त. आपल्या सह्याद्रीतल्या रुंद पानांच्या झाडांवर पांढऱ्या कुजीचं राज्य असतं.

लिग्निन फोडणारं विकर कोणतं, हे माणसाला कळलं तेही फार उशिरा, १९८३ साली. चंद्रावर माणूस उतरून १४ वर्षं झाली होती, पण पायाशी पडलेला ओंडका कसा कुजतो हे आपल्याला नीट ठाऊक नव्हतं!

आणि इथे एक मोठी थोरली गोष्ट सुरू होते. झाडांनी लिग्निन बनवायला सुरुवात केली सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी. ते फोडणारी पांढऱ्या कुजीची बुरशी मात्र बरीच नंतर आली. २०१२ साली शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने ३१ बुरश्यांची जनुकं ताडून पाहिली आणि हिशेब मांडला की ही कला साधारण २९ कोटी वर्षांपूर्वी अवगत झाली असावी. त्याच्या आधीचा काळ म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या दगडी कोळशाचा काळ. मग काहींनी म्हटलं, पाहा, लाकूड खाणारं कोणी नव्हतं म्हणूनच ते साठत गेलं आणि त्याचा कोळसा झाला!

किती सुंदर कल्पना आहे, नाही? पण सुंदर आहे म्हणून ती खरी ठरत नाही. २०१६ साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तिच्यावर बोट ठेवलं. ते म्हणाले, त्या काळच्या दलदलीतल्या बऱ्याच झाडांत लिग्निन फारसं नव्हतंच. शिवाय बुरशी ही कला शिकल्यानंतरही कोळसा बनतच राहिला. याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. चंद्रपूरच्या खाणींतला कोळसा ज्या झाडांचा झाला ती झाडं त्यानंतरच्या, म्हणजे पर्मियन काळातली आहेत. दलदलीच्या पाण्याखाली हवा पोहोचत नाही, वरून गाळाचे थर बसत जातात आणि बुरशी कितीही हुशार असली तरी हवेशिवाय तिचं काही चालत नाही. मला हे दुसरं म्हणणं जास्त पटतं.

हवा आणि पाणी हे दोन्ही लागतं बुरशीला. तुमच्या घराचा दरवाजा लाकडाचाच ना? मग तो का कुजत नाही? कारण तो कोरडा आहे. लाकडात पुरेसा ओलावा नसेल तर तंतू वाढू शकत नाहीत. म्हणून न्हाणीघराच्या चौकटीचा खालचा भाग आधी जातो. आणि हवा नसेल तर? स्वीडनचं ‘वासा’ नावाचं लाकडी जहाज १६२८ साली स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं आणि १९६१ साली वर काढलं, तेव्हा ३३३ वर्षांनंतरही त्याचा सांगाडा उभा राहू शकेल इतका शाबूत होता. तिथल्या समुद्रात लाकूड पोखरणारे किडेही नव्हते आणि खोल गाळात बुरशीला हवाही नव्हती.

आता मला फार आवडणारी गोष्ट सांगते. लाकडात साखर भरपूर असते, पण नायट्रोजन जवळजवळ नसतोच. कार्बनच्या मानाने शेकडो पट कमी. आणि नायट्रोजन नसेल तर प्रथिनं कशी बनवणार? आपण भाताबरोबर वरण घेतो. ओंडक्यात वरण कुठून आणायचं?

धिंगरी अळंबी ठाऊक आहे का? राखाडी-पांढरी, शिंपल्याच्या आकाराची, बाजारात पाकिटातून मिळते ती. महाराष्ट्रात अनेक शेतकरी भाताच्या किंवा गव्हाच्या काडाच्या पिशव्या टांगून तिची लागवड करतात. रानात मात्र ही धिंगरी मेलेल्या लाकडावर वाढते आणि पांढरी कूज करते. १९८४ साली कॅनडातल्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ही साधीभोळी दिसणारी धिंगरी शिकार करते! कुजक्या लाकडात सूत्रकृमी नावाचे डोळ्यांना न दिसणारे इवले जंत वळवळत असतात. नायट्रोजनची चणचण भासली की धिंगरीच्या तंतूंवर बारीक बारीक गोल डोकी उगवतात. त्यांना जंताचं तोंड लागलं की काही मिनिटांत तो लुळा पडतो. मग तंतू त्याच्याकडे वाढतात, त्याच्या आत शिरतात आणि त्याला पचवून टाकतात. त्या गोल डोक्यांत असतं तरी काय? ते कळायला २०२३ साल उजाडलं. तैवानच्या शास्त्रज्ञांनी शोधलं की त्यांत ऑक्टॅनोन नावाचं, सहज उडून जाणारं रसायन भरलेलं असतं आणि ते जंताच्या पेशींची आवरणंच बिघडवून टाकतं.

म्हणून काही धिंगरीची भाजी खायला घाबरू नका. ती गोल डोकी लाकडातल्या तंतूंवर असतात, आणि भाजी तर छानच लागते.

एका ओंडक्यात एकच बुरशी राहते असं मात्र नाही. अनेक जणी एकाच वेळी घुसतात आणि जागेसाठी भांडतात. फुटलेल्या कुजक्या लाकडात कधी नागमोडी काळ्या रेषा दिसल्या तर थांबून बघा. त्या सीमारेषा आहेत. इकडची बुरशी तिकडे जाऊ नये म्हणून दोघींनी आपापल्या हद्दीवर काळा, कठीण थर बांधलेला असतो.

आणि आता अंधारात जाऊ या.

जून-जुलैत भीमाशंकरच्या रानात, आंबोलीला, गोव्याच्या म्हादई अभयारण्यात, पाऊस चांगला मुरला की रात्री काही कुजक्या फांद्या हिरवट उजेड देऊ लागतात. हातातला टॉर्च विझवायचा, मोबाइल खिशात टाकायचा आणि दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं. डोळे अंधाराला सरावले की मग जमिनीवरचे तुकडे दिसायला लागतात. मायसीना नावाच्या नाजूक छत्र्यांच्या काही जाती अशा चमकतात. कितीतरी वेळा छत्री नसतेच. लाकडात पसरलेले तंतूच उजळलेले असतात आणि आख्खी फांदी चमकते. जगात अशा प्रकाशणाऱ्या बुरश्यांच्या शंभराच्या आसपास जाती सापडल्या आहेत.

हा उजेड माणसाने फार पूर्वीच पाहिला होता. ग्रीसमधल्या ॲरिस्टॉटलने सुमारे २३०० वर्षांपूर्वी चमकणाऱ्या लाकडाचा उल्लेख केला आहे. १६६७ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल यांनी एक झकास प्रयोग केला. चमकणाऱ्या लाकडाचा तुकडा काचेच्या भांड्यात ठेवला आणि पंपाने भांड्यातली हवा काढून घेतली. उजेड मावळला! हवा परत आत सोडली. उजेड परत आला! बॉइल यांना ऑक्सिजन माहीत नव्हता, तो सापडायला अजून शंभर वर्षं होती. लाकूड बुरशीमुळे चमकतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पण या उजेडाला हवा लागते एवढं त्यांनी पक्कं करून ठेवलं. आज आपल्याला माहीत आहे की बुरशी ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ बनवते, एका विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्यातून हिरवा प्रकाश बाहेर पडतो. या प्रकाशात उष्णता नसते. हात लावला तर लाकूड गारच लागतं. २०२० साली तर शास्त्रज्ञांनी या बुरशीची जनुकं तंबाखूच्या रोपात घातली आणि रोपं अंधारात चमकायला लागली.

या उजेडाचा एकदा लढाईतही उपयोग झाला. १७७६ साली अमेरिका इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढत होती. अमेरिकनांनी ‘टर्टल’ नावाची एका माणसापुरती लाकडी पाणबुडी बनवली होती. पाण्याखाली मिट्ट काळोख. आत मेणबत्ती लावली तर ती माणसाच्या वाट्याची हवा खाऊन टाकणार. मग दिशा दाखवणारं होकायंत्र वाचायचं कसं? त्यांनी होकायंत्रावर चमकणाऱ्या लाकडाचे तुकडे लावले! शत्रूच्या जहाजाला सुरुंग लावायचा त्यांचा बेत फसला, पण बुरशीच्या उजेडावर चाललेली ती पाणबुडी इतिहासात राहिली.

बुरशी चमकते तरी कशासाठी? इथे शास्त्रज्ञांचं एकमत नाही. ब्राझीलमध्ये नारळ-ताडासारख्या झाडांच्या बुडाशी एक मोठी चमकणारी छत्री उगवते. २०१५ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की तिला घड्याळ आहे. रात्र पडली की तिचा उजेड वाढतो. मग त्यांनी नकली छत्र्या बनवल्या, काहींत हिरवा दिवा बसवला, काही तशाच ठेवल्या. दिवेवाल्या छत्र्यांवर जास्त किडे आले. म्हणजे किडे बोलवायचे, त्यांच्या अंगाला बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, चिकटवायचे आणि दूर पाठवायचे, असा बेत दिसतो. पण पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका चमकणाऱ्या बुरशीवर अभ्यास झाला आणि तिच्या उजेडाला किडे अजिबात भुलत नाहीत असं दिसलं! आणि आपल्या भीमाशंकरच्या फांद्यांचं काय? लाकडात दडलेल्या तंतूंवर बीजाणू नसतातच. मग ते कोणाला बोलावतात? कदाचित कोणालाच नाही. लाकूड पचवताना होणाऱ्या रासायनिक घडामोडींत उजेड आपोआप सुटत असेल. तुमच्यापैकी कोणी मोठं होऊन हा प्रश्न सोडवला तर मला फार आनंद होईल. सह्याद्रीतली चमकणारी लाकडं अजून पुष्कळ अभ्यासाची वाट पाहत आहेत.

रात्री जाल तेव्हा वाट माहीत असलेल्या मोठ्या माणसांबरोबर आणि वनखात्याच्या परवानगीनेच जा. चमकणारं लाकूड उचलून घरी आणू नका. अभयारण्यातून काहीच न्यायचं नसतं. शिवाय घरी ते वाळेल आणि विझेल. दिवसासुद्धा ओंडक्याखाली हात घालू नका, कारण तिथे विंचू, गोम, सापही राहतात. आणि रानातली कोणतीही अळंबी, ती कितीही छान दिसली तरी, तोंडात घालायची नाही. विषारी आणि खायची अळंबी कधीकधी इतकी सारखी दिसते की जाणकारही फसतात.

बुरशी पडलेल्या झाडाचंच लाकूड खाते असं समजू नका हं. उभ्या, जिवंत झाडाचा गाभाही ती खाते. ऐकायला वाईट वाटतं, पण जुन्या झाडाच्या गाभ्याचं लाकूड आधीच मेलेलं असतं. झाडाचा जिवंत भाग असतो सालीखाली. म्हणून गाभा पोकळ झाला तरी झाड कितीतरी वर्षं हिरवंगार राहतं. आणि त्या पोकळीत राहायला कोण येतं? महाधनेश! पिवळी मोठी चोच आणि डोक्यावर शिरस्त्राण असलेला तो देखणा पक्षी. एवढी जड चोच असूनही धनेशाला सुतारपक्ष्यासारखं लाकूड कोरता येत नाही. त्याला तयार ढोली लागते. मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते आणि नर त्या फटीतून तिला आणि पिल्लांना उंबरासारखी फळं भरवतो. कोकणातल्या देवरायांमध्ये बेहड्यासारख्या म्हाताऱ्या झाडांवर अशा ढोल्या असतात. बुरशीने वर्षानुवर्षं गाभा खाल्लेला नसेल तर ढोली नाही, आणि ढोली नसेल तर धनेशाचं पिल्लू नाही. तांबटही घर कोरायला मऊ झालेली वाळकी फांदीच शोधतो. त्यामुळे ‘रोगट’ दिसतं म्हणून जुनं झाड तोडून टाकणं आणि ‘कचरा’ म्हणून पडलेले ओंडके रानातून, बागांतून उचलून नेणं मला अजिबात पसंत नाही. कोणाच्या डोक्यावर पडण्याची भीती असेल तर गोष्ट वेगळी. एरवी ते लाकूड तिथेच हवं.

आता ओंडक्यावर दिसणाऱ्या छत्र्यांकडे वळू. त्यांचं काम एकच, बीजाणू पसरवणं. हे बीजाणू धुळीहूनही बारीक असतात. गॅनोडर्मा गटातली एक बुरशी झाडाच्या बुंध्यावर लाकडासारखी कडक फळी वाढवते. तिची एक मोठी फळी दिवसाला सुमारे तीन हजार कोटी बीजाणू सोडते, आणि हे महिनोन्‌महिने चालू असतं! त्यातले जवळजवळ सगळे वाया जातात. एखाद्यालाच ओला, ताजा पडलेला ओंडका सापडतो.

दुसरी एक बुरशी नखाएवढे पेले बनवते. प्रत्येक पेल्यात तीळभर चपट्या गोळ्या असतात आणि गोळ्यांच्या आत बीजाणू. पावसाचा टपोरा थेंब पेल्यात पडला की गोळी उडते, अगदी मीटरभर लांब! काहींच्या गोळीला बारीक चिकट दोरी असते. उडता उडता ती काडीला गुंडाळली जाते आणि गोळी तिथेच लटकते. पावसाळ्यात कुजक्या काटक्यांवर, कुंड्यांतल्या लाकडाच्या भुशावरही हे पेले सापडतात.

तिसरी तर तुमच्या घराजवळच असेल. तिचं नाव शायझोफायलम. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर ती आहे. मणिपूरमध्ये लोक तिची भाजी करतात. आंब्याच्या वाळक्या फांदीवर, सरपणाच्या ढिगात, कुंपणाच्या खांबावर एक-दोन सेंटिमीटरचे राखाडी-पांढरे, केसाळ पंखे दिसले तर ती हीच. तिच्यात नर-मादी असे दोन प्रकार नसतात. वीस हजारांहून जास्त प्रकार असतात! वाटेत जो तंतू भेटेल तो बहुधा वेगळ्या प्रकारचाच निघतो, त्यामुळे जोडीदार मिळायला अडचण येत नाही. शिवाय उन्हाळ्याचं तिला भय नाही. पंख्याच्या खालच्या बाजूला ज्या चुण्या असतात, त्या प्रत्येक चुणीच्या मधोमध चीर असते. हवा कोरडी झाली की चुणीच्या दोन्ही कडा गुंडाळल्या जातात आणि आतला नाजूक भाग झाकला जातो. १९११ साली कॅनडातल्या बुलर नावाच्या शास्त्रज्ञांनी हिचे वाळलेले तुकडे काचेच्या नळीत, हवा काढून, बंद करून ठेवले होते. ५२ वर्षांनी नळी उघडून तुकडे भिजवले तेव्हा बुलर हयात नव्हते. पण चुण्या उलगडल्या आणि बीजाणू पडायला लागले!

हे उलगडणं तुम्हालाही बघता येईल. शायझोफायलम असलेली एखादी वाळकी काटकी अंगणात किंवा गॅलरीत ठेवा, घरात आणू नका आणि नाक लावून हुंगू नका. भिंगातून पंख्याची खालची बाजू बघा आणि वहीत चित्र काढा. मग काटकीवर पाणी शिंपडा, ओलं फडकं टाकून ठेवा आणि काही तासांनी फडकं बाजूला करून पुन्हा बघा. मिटलेल्या चिरा उघडल्या का? रंग बदलला का? दुसऱ्या दिवशी काटकी उन्हात वाळू द्या आणि तिसरं चित्र काढा. झालं की हात साबणाने धुवा, आणि तिन्ही चित्रांवर तारीख घालून ठेवा.